घरच्या तुपाची नानकटाई

आमच्या राजुरीत माझ्यासारखे सडाफटिंग बरेच आहेत. लग्न झालेले, पोराबाळांचे, आणि तरी सडाफटिंग. बायका मुलांना घेऊन पुण्याला शिक्षणासाठी आणि बाप्ये इथं गाई, कांदा आणि विहिरीवरच्या मोटारीचे फ्यूज सांभाळत. संध्याकाळी डेअरीवर कॅन घेऊन रांगेत उभे राहिलो की आम्ही एकमेकांना 'आज काय केलं जेवायला?' असं विचारतो. उत्तर बहुतेक पिठलं असतं. कुणी अंड्याची पोळी म्हणाला तर बाकीचे त्याच्याकडं आदरानं बघतात.

थोरला आठवीला गेला तेव्हा आमचंही पुण्याचं ठरलं. त्याला गणितात गती आहे असं शाळेतले सर म्हणाले आणि बायकोच्या डोक्यात पुणं बसलं. मी बरीच आदळआपट केली, अबोला धरून बघितला, आणि शेवटी एका अटीवर कबूल झालो. दहावी होईपर्यंतच. परीक्षा झाली की बिऱ्हाड उचलायचं आणि सरळ परत यायचं. अकरावीला नारायणगावला कॉलेज आहे, जाणारी-येणारी पोरं काय कमी आहेत? ती 'हो' म्हणाली होती. यंदा थोरला दहावीला आहे, म्हणजे ही एकट्यानं काढायची शेवटची थंडी असं मी धरून चाललो होतो. त्या एका 'हो'वर मी पिठलं खात होतो.

दिवसाचं काही वाटत नाही. शेतात माणूस एकटा असला तरी एकटा नसतो, काम अंगावर येतच असतं. त्रास होतो तो दिवे लागल्यावर. आमच्या भागात ऊस वाढला की अंधार पडल्यावर कोणी बांधानं फिरत नाही, बिबट्या कुठं बसलेला असेल सांगता येत नाही. पूर्वी शेजारी ओट्यावर यायचे, आता जो तो कडी लावून आत. मी टीव्ही लावतो. हिंदी मालिकेत कोण कुणाची सून आणि कोण कुणाला विष घालतंय हे मला आजवर कळलेलं नाही. घरात बायकामाणसांचे आवाज असावेत एवढ्यासाठी लावतो, आणि जाहिरात लागली की ताटातलं संपवून उठतो.

तर दिवाळीची गोष्ट.

आमच्याकडं दिवाळीच्या आधी नानकटाई भाजून आणायची पद्धत आहे. विकत आणायची नाही. आपला मैदा, आपली पिठीसाखर, आपलं तूप घेऊन बेकरीत जायचं, तिथं ओट्यावर बसून आपल्या हातानं मळायचं, वळायचं आणि पत्र्यांवर लावायचं. भट्टी तेवढी बेकरीवाल्याची. हा सगळा बायकांचा कारभार. आमच्या घरातून दर वर्षी बायको जायची, मी मोटारसायकलवर तिला आणि डब्यांना बेल्ह्याला बेकरीवर सोडायचो आणि दुपारी घ्यायला जायचो. डबे गरम असायचे. घरापर्यंत माझ्या पाठीला तो उबारा लागत राहायचा.

पुण्याला गेल्यापासून तिची ही फेरी बंद पडली होती. मागच्या दोन दिवाळ्या ती ऐन सणाला यायची, तिकडूनच काहीबाही करून आणायची. यंदा माझ्या मनानं घेतलं की आपण करायची. ती दारात पाय ठेवेल तेव्हा डबा भरलेला असला पाहिजे. घर थंड पडलेलं नाही, चालू आहे, तुझी वाट बघत चालू आहे, हे तिला दिसावं. हे सगळं तोंडानं बोलायला मला जमत नाही. म्हणून नानकटाई. आणि अर्थातच तिला काही सांगायचं नाही, एकदम तोंडात बोट घालायला लावायचं.

साय साठवायला लागलो. पहिल्या वेळी लोणी कढवताना गाईनं दावं तोडलं, तिच्यामागं पळालो, परत येईपर्यंत तुपाचं डांबर झालं होतं. पुन्हा साय साठवली. दुसऱ्या वेळी पातेल्यापासून हललो नाही, गाय गेली तर गेली म्हटलं. तूप छान कणीदार उतरलं. ते मी दोघा-तिघांना उगाच झाकण उघडून दाखवलं.

बेल्ह्याच्या बेकरीत वसुबारसेच्या आदल्या सकाळी पोचलो तर ओटाभर बायकाच. परातींना पराती लागलेल्या. मी दोन डबे आणि परात घेऊन दारात उभा राहिलो तसा कलकलाट एकदम थांबला. त्यातल्या एका मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भाऊ, डबे ठिवा आन जा. वहिनी मागून येत्यात का?"

"न्हाई. मीच करनार हाय."

मग जे हसू फुटलं ते फुटलं. भट्टीवाले चाचा आतून डोकावले आणि तेही हसले. पण बायकांनी जागा करून दिली हे खरं. मावशींनी माझ्या परातीत बोट घालून तूप चाखलं, "तूप चांगलं हाय, हाताचं काय खरं न्हाई," असं प्रमाणपत्र दिलं आणि मी मळायला बसलो. दहा मिनिटांत माझी कंबर गेली. मावशी एकीकडं स्वतःच्या नानकटाया वळत होत्या आणि दुसरीकडं मला टोकत होत्या. "दाबू नगा राव, ती काय कांद्याची गोणी हाय का? हलक्या हातानं घ्या." माझी नानकटाई एखादी बोराएवढी, एखादी लाडवाएवढी. पत्रा लावून झाला तर वर्गात उंचीप्रमाणं उभी न केलेली पोरं दिसावीत तसा दिसायला लागला.

आणि मग मावशींनी विचारलं, "खूण कसली तुमची?"

हे मी विसरलोच होतो. भट्टीत एका वेळी चार घरांचे पत्रे जातात, चिठ्ठी लावली तर करपते, म्हणून प्रत्येक घराची खूण असते. कुणी काट्याच्या चमच्यानं रेघा ओढतं, कुणी चारोळी लावतं, मावशींची तीन बोटांची टिंबं होती. आमची खूण मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होती. एक छोटं गोल आणि बरोबर मध्ये ठिपका. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली पंधरा वर्षं मी ती खूण चहात बुडवून खाल्ली होती. पण ती उठवायची कशानं, हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

फोन करावा तर गुपित फुटणार. खिसे चाचपले. गाडीच्या डिकीत शेतातल्या ठिबकच्या नळीचे नवे कोरे जोड पडले होते, त्यातला एक धुऊन आणला. तो दाबला की गोल उठायचं. ठिपक्याला आगकाडीचं मागचं टोक. बायका माना लांब करून बघत होत्या.

"आता यांची नानकटाई ठिबकवर," एकजण म्हणाली, आणि पुन्हा सगळा ओटा हसला. मीही हसलो. खरं सांगतो, इतक्या माणसांत बसून हसल्याला कितीतरी महिने झाले होते. पत्रा भाजून झाल्यावरही मी थोडा वेळ तिथंच रेंगाळलो. मावशींचे डबे उचलून रिक्षात ठेवले, त्यांची परात धुतली. जायला कारण उरलं नाही तेव्हा निघालो.

घरी आल्यावर दोन्ही डबे फडताळात ठेवले आणि फोन केला. कधी निघताय एवढंच विचारायचं, बाकी काही बोलायचं नाही असं ठरवून. फोन थोरल्यानं उचलला.

"पप्पा, मम्मीला ऑर्डरी आल्यात लई. सोसायटीत सगळ्यांना फराळ तीच देते यंदा. पाडव्यापर्यंत उरकत नाही म्हणते. आपण यंदा इथंच करायची का दिवाळी? तुम्हीच या ना."

मागून तिचा आवाज येत होता, कुणाला तरी 'पाव किलोचे बॉक्स वेगळे ठेवा' म्हणून सांगत होती. मग ती फोनवर आली. दमलेली होती आणि खूश होती. "अहो, रागावू नका. एवढ्या एकाच वर्षी. पाडव्याला या, मी वाट बघते," असं म्हणाली. मी नानकटाईचं काही बोललो नाही. गाईंचं बघावं लागेल, बघतो, म्हणालो. फोन ठेवल्यावर मी फडताळाचं दार उघडून पुन्हा लावलं. कशाला उघडलं ते मलाही सांगता येणार नाही.

पहिल्या अंघोळीला पहाटे उठलो. पाणी तापवलं, उटणं भिजवलं, सगळं रीतसर केलं. तेल लावायला बसलो तर पाठीपर्यंत हात पोचेना. वरून नेला तर मानेखाली अडकायचा, खालून नेला तर कमरेवर. दर वर्षी पाठीला तेल ती लावायची, आणि 'केवढी ही पाठ, अर्धी वाटी तेल पिती' असं दर वर्षी म्हणायची. मी भिंतीला तेल लावून पाठ घासावी का असाही विचार केला. शेवटी पाठ कोरडीच ठेवून पाणी घेतलं. बाहेर फटाके वाजत होते, गल्लीत पोरं ओरडत होती. मला तेव्हा फार एकटं वाटलं. मनातल्या मनात मी तिला दोन शिव्याही दिल्या, आणि लगेच तोंड धुतलं, सणाचं नको म्हणून.

लक्ष्मीपूजन केलं, गाईंना ओवाळलं. चुलतभाऊ म्हणाला, "जा तू पाडव्याला, धारा मी काढतो. तोंड बघ आरशात, चार दिवस ताप आल्यासारखं झालंय." तेव्हा पाडव्याला पहाटेच आळेफाट्यावरून एसटी धरली. दोन्ही डबे मांडीवर. रस्ताभर मी एकच वाक्य घोळवत होतो. नारायणगावला ते 'मार्चनंतर सामान आणायला टेम्पो सांगून ठेवू का?' असं होतं. मंचर येईपर्यंत जरा मऊ केलं, 'परीक्षा कधी संपते गं त्याची?' चाकणच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा टेम्पोवर आलो. सरळ विचारायचं, पाडवा आहे, आजच्या दिवशी ती नाही म्हणायची नाही.

दार धाकटीनं उघडलं आणि मला मिठी मारली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. खोलीभर पुठ्ठ्याचे खोके, फिती, वजनकाटा. ओव्हनबद्दल फोनवर ती बोलली होती, मला वाटलं होतं खेळण्याएवढा असेल. तो चांगला टीव्हीएवढा होता आणि त्याच्यापुढं माझी बायको उभी होती, केस वर बांधून, हातात जाडजूड हातमोजे. तिनं पत्रा बाहेर ओढला. सगळ्या नानकटाया एका मापाच्या, पिवळसर, काठाला जेमतेम तांबूस. प्रत्येकीवर गोल आणि मध्ये ठिपका.

ओट्यावर काजळाची एक जुनी डबी पडली होती. तिच्या लग्नातली, दोन्ही पोरांना तान्हेपणी काजळ घालायचो तीच. झाकणाच्या आत मधोमध टोक असतं. मी ते झाकण उचलून बोटावर दाबून बघितलं आणि बोटावर आमची खूण उमटली. इतकं साधं होतं.

माझे डबे उघडले तेव्हा मात्र मजा आली. थोरला म्हणाला, "पप्पा, ह्या कुणी केल्या?" मी केल्या म्हटल्यावर तिघांनीही माझ्याकडं असं बघितलं की माझं येणं वसूल झालं. ठिबकच्या जोडाचं सांगितलं तेव्हा बायको हसून हसून खाली बसली, पदर डोळ्यांना लावला. "अन् त्या बायांनी बसू दिलं तुमाला?" मी मावशींची नक्कल करून दाखवली. धाकटीनं लाडवाएवढी एक उचलून खाल्ली आणि तूप जास्त झालंय असं तज्ज्ञासारखं सांगितलं. तेवढा वेळ आमचं घर त्या खोलीत होतं. माणसं चार, हसणं एक.

तोवर दारावरची घंटा वाजायला लागली. सोसायटीतल्या बायका खोके न्यायला यायच्या. ती त्यांच्याशी बोलायची ते अगदी पुण्याचं, 'नक्की, उद्या सकाळी देते हं' वगैरे, आणि त्या तिला ताई म्हणायच्या. एका बाईंनी नानकटाई तोंडात टाकून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तुम्ही इथून कुठं जाऊ नका हं ताई." बायको हसली. "कुठं जातेय मी," म्हणाली, आणि मला दाखवून, "हे आमचे मिस्टर, गावाहून आलेत," असंही म्हणाली. मी नमस्कार केला. तिला मी असं कधी बघितलं नव्हतं. राजुरीत ती दिवसभर राबायची पण तिला कोणी असं दार वाजवून विचारत यायचं नाही. चांगली दिसत होती. ते बघून मला बरं वाटलं आणि आत कुठंतरी फार वाईटही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

दुपारी खोके सारून तिनं जागा केली आणि मला ओवाळलं. पाट नव्हता, थोरल्यानं योगासनाची चटई घडी करून दिली. कपाळाला कुंकू लावताना तिच्या बोटांना वेलदोड्याचा वास येत होता. मी ताटात साडी ठेवली. हीच वेळ, असं मनात म्हणालो, टेम्पोचं काढायचं. तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली आणि ती ताट धाकटीच्या हातात देऊन उठली.

जेवण झालं, मी निघायच्या तयारीला लागलो. संध्याकाळच्या नाही तरी सकाळच्या धारांना घरी असायला हवं होतं. ती स्वयंपाकघरात माझे डबे घासत होती. मी दारात उभा राहिलो. पोरं गॅलरीत होती. आता कोणी नव्हतं, घंटाही वाजत नव्हती, वाक्य जिभेवर तयार होतं.

तिनं डबे पुसले, त्यांत चकल्या आणि चिवडा भरला. "रिकामा डबा कसा देऊ?" म्हणाली. शेजारणीचा डबा परत करताना बायका असं म्हणतात. हे डबे तिच्याच फडताळातले होते, पण तिच्या ते ध्यानातही नव्हतं. झाकण दाबून लावता लावता, मायेनंच, माझ्या दंडाला कोपरानं ढकलून ती म्हणाली, "आन पुढच्या दिवाळीला एवढा घाट घालू नका बरं का. एकट्याला किलोभर लई झाली."

आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं नव्हतं. ती झाकण नीट बसलंय का ते बघत होती.

"बरं," मी म्हणालो.

पोरं थांब्यापर्यंत आली. एसटीत खिडकीची जागा मिळाली. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले, निरगुडसरला सासरवाडीला चालले होते. सणाचे दिवस, बोलके होते. राजगुरुनगर मागं पडेपर्यंत त्यांनी स्वतःच्या घरातल्या सगळ्यांची माहिती सांगितली, मेव्हण्यासकट. मग माझ्या मांडीवरच्या डब्यांकडं बघून म्हणाले, "पावणं, तुमी कुठलं?"

"राजुरी."

"मोठं गाव राव. घरी कोन कोन असतं?"

हा प्रश्न मला डेअरीवर, बाजारात, लग्नात कितीदा विचारलेला आहे. बायको आणि दोन मुलं, शिकायला पुण्याला असतात, दहावी झाली की येणार, असं माझं ठरलेलं उत्तर होतं. मी ते म्हणायला तोंड उघडलं.

"मी असतो," मी म्हणालो.